पडलेले दगड

मला पसारा बघवत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही. बायको तर याला आजारच म्हणते. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलो तरी दारातल्या चपला मी जोडीने लावून आत जातो. साइटवर तर हे माझं कामच. तारेचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या यांच्यावर ओरडण्यात ओमानमधली माझी सतरा वर्षं गेली. "जरा नीटनेटकं करून ठेवा" हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या अरबीत किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. त्यातल्या एका वेळेपायी एका माणसाची त्याच्या आईशी शेवटची भेट हुकली. तेवढंच सांगायला बसलो आहे.

मस्कतहून आतल्या बाजूला तीनेक तास गाडी हाकली की चुनखडीचे उघडेबोडके डोंगर लागतात. त्यांच्या माथ्यावर ओळीने दगडी बुरूज बसलेले दिसतात. पुरुषभर उंचीचे, गोल, वर निमुळते होत गेलेले. त्या कबरी आहेत. पाच हजार वर्षांपूर्वीच्या म्हणतात. कोणाच्या, ते कोणालाच ठाऊक नाही. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. काही अजून शाबूत आहेत, काही अर्ध्या ढासळलेल्या, तर काहींचा नुसता ढीग उरला आहे. मी कैक वर्षं त्यांच्या खालच्या रस्त्याने ये-जा केली आणि त्या कोणीतरी बांधलेल्या पाण्याच्या टाक्या असाव्यात असं समजत होतो. माझी अक्कल एवढीच.

दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एका डोंगराला संरक्षित जागा म्हणून कुंपण घालायचं ठरलं आणि ते काम आमच्या कंपनीकडे आलं. लोखंडी खांब, जाळी, एक फाटक आणि फाटकाच्या दोन बाजूंना दगडी बांधकाम. मी सुपरवायझर. माझ्या हाताखाली चार माणसं, आणि त्यांतला एकच खरा कारागीर. तो आमचा मेस्त्री.

मेस्त्री सिंधुदुर्गातला, खाडीच्या पलीकडच्या गावचा. माझ्या गावातून त्याच्या गावच्या देवळाची घुमटी दिसते. साठीला टेकलेला माणूस. आधी बरीच वर्षं ओमानमध्येच सूर शहरात बंगल्यांच्या कंपाउंडच्या भिंती बांधत होता, मग आमच्याकडे आला. चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा आणि आम्ही दोघेच असलो की झिला, म्हणजे पोरा. मी त्याला मेस्त्रीनू म्हणायचो. खरं तर मी त्याच्यापुढे कोण? लेव्हल लावून भिंत तिरकी करणारा माणूस मी, आणि तो नुसत्या डोळ्यांनी ओळंबा धरणारा.

त्याची आई नव्वदीच्या पुढची. त्या डिसेंबरात ती घरापुढच्या खळ्यात पडली आणि अंथरुणाला खिळली. हळूहळू तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. मेस्त्री रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत गावी व्हिडिओ कॉल लावायचा. पुतण्या म्हातारीसमोर फोन धरायचा आणि ती कधी "जेवलंस रे?" म्हणून विचारायची, कधी "खंयचो रे तू?" म्हणून, कुठला रे तू. पहिला प्रश्न आला की मेस्त्रीचा दिवस चांगला जायचा. "आज वळखल्यान," असं तो मला लांबूनच ओरडून सांगायचा. दुसरा प्रश्न आला तर डबा तसाच बंद करून ठेवायचा.

कंपनीने त्याला सांगितलं होतं, कुंपण पूर्ण कर आणि रजेवर जा. फेब्रुवारीच्या अखेरचं गोव्याचं तिकीट काढून झालं होतं. त्याला त्यापलीकडे काही नको होतं. "तिका माझी वळख आसा, तोपर्यंत पोचाक होया," एवढंच त्याचं मागणं. म्हणून तो माणूस त्या डोंगरावर दोघांचं काम एकटा करत होता.

कामाच्या पहिल्या दिवशी पुरातत्त्व खात्याची एक ओमानी अधिकारी आली होती. तिशीची असेल. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, पायात मजबूत बूट, आणि डोंगर अशी चढली की माझीच छाती भरून आली. तिने मला इंग्रजीत बजावलं, कबरींना हात लावायचा नाही. मी ते माझ्या माणसांना सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. हात लावायचा नाही म्हणजे मोडायचं नाही, दगड काढून न्यायचे नाहीत, असं आम्ही धरलं. पडलेलं उभं करणं हेसुद्धा हात लावणंच, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं?

आमच्याकडे जमिनीच्या हद्दीला गडगा घालतात. जांभ्याचे किंवा काळ्या कातळाचे दगड, एकावर एक नुसते रचलेले. पावसाळ्यात माती फुगते, गुरं अंग घासतात, आणि गडग्याचे दगड खाली येतात. पाऊस सरला की ते परत चढवायचे. पण त्याही आधी एक रीत आहे. वाटेने जाताना कोणाच्याही गडग्याचा दगड खाली पडलेला दिसला तर तो उचलून जागेवर ठेवायचा आणि मगच पुढे जायचं. गडगा भावकीतल्या वैऱ्याचा असला तरी. मला लहानपणी एकदा आजोबांनी अर्ध्या वाटेवरून मागे पाठवलं होतं, एक दगड उचलायला. शाळेला उशीर झाला आणि तिथे वेगळा मार बसला.

मेस्त्री तर त्यातलाच जन्मलेला. पहिल्या दिवशी त्या शाबूत कबरीपाशी तो कितीतरी वेळ उभा राहिला. हात मात्र पाठीमागे बांधून ठेवले होते. मग मला हळूच म्हणाला, "ह्यो आमचोच माणूस रे झिला. बग, दगडाचा तोंड कसा बरोबर भायर ठेवल्यान हा." त्याच्या बोलण्यात असा मान मी आमच्या कंपनीच्या मोठ्या इंजिनियरसाठीही ऐकला नव्हता.

कुंपण संपत आलं. खात्याचे वरचे लोक गुरुवारी सकाळी पाहणीला येणार होते. बुधवारी मला दुपारीच मस्कतला परतायचं होतं, कारण मुलीच्या दहावीच्या परीक्षेसाठी शाळेने पालकांना बोलावलं होतं. आम्ही मस्कतच्या अल खौद भागात राहतो. निघायच्या घाईत, गाडीत बसता बसता मी मेस्त्रीला म्हटलं, "उद्या साहेब लोक येतील. जरा नीटनेटकं करून ठेवा." काच वर केली आणि निघालो. मला कचरा म्हणायचं होतं. पण कचरा हा शब्द मी उच्चारला नाही.

त्यांनी कचरा तासाभरात उचलला. तारेचा तुकडासुद्धा मागे ठेवला नाही. मग दिवस मावळायला दोन-अडीच तास होते, आणि फाटकातून आत शिरल्या शिरल्या समोर दिसायची ती ढासळलेली कबर होती. तिची एक बाजू पूर्ण सुटून उतारावर पसरली होती. मेस्त्रीने बाह्या सरसावल्या. तिथला राखणदार, खालच्या वस्तीतला म्हातारा ओमानी, कहवा आणि खजूर घेऊन वर आला होता. तो शेजारी बसून बघत राहिला. काम नीट चाललंय म्हणून खूशही झाला. त्याला वाटलं, हुकमानेच चाललं असणार.

गुरुवारी पहाटे निघून आठाच्या सुमाराला मी पोचलो. खरं सांगतो, आणि हे सांगायची मला आजही लाज वाटते, मला ते बघून आनंद झाला. ती बाजू कंबरेच्या वर उभी राहिली होती. दगडाचं प्रत्येक तोंड बाहेर, सांध्यात बारीक कपच्या ठोकलेल्या, आणि जुनं कुठे संपतं, नवं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मेस्त्री बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. "झकास!" म्हणालो.

तेवढ्यात ती अधिकारी वर आली. बाकीचे साहेब मागून येत होते. ती फाटकातून आत आली, चार पावलं चालली आणि थांबली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. ती खाली बसली, अगदी जमिनीवर. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते सुपरवायझरला माहीत असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना.

मग तिने मला समजावून सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, हे अजून लक्षात आहे. उभ्या कबरी लोकांना बघायला बऱ्या, पण त्या मधल्या काळात कोणी ना कोणी उघडलेल्या, हाताळलेल्या असतात. ही एक अशी होती की पडल्यापासून तिला कोणाचाच हात लागला नव्हता. कुठला दगड आधी पडला, कुठला नंतर, कुठल्याखाली किती माती साचली, यावरून ती कधी आणि कशाने पडली ते कळणार होतं. दगडांखाली माणसांची हाडंही असणार होती. पुढच्या हिवाळ्यात खणायला सुरुवात होणार होती. पाच वर्षं ती त्या एका कबरीसाठी धडपडत होती. "आता हे सगळं कालचं झालं," ती म्हणाली, "कालच्या दुपारचं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे इंग्रजीत कसं सांगणार?

एव्हाना बाकीचे साहेब येऊन पोचले होते. एकाने वही काढली. मेस्त्रीला पुढे बोलावलं. त्याला मालवणी येत होती आणि साइटवरची हिंदी. त्यांना अरबी आणि इंग्रजी. मध्ये दुभाषा मी. नाव, गाव, हुद्दा झाला. मग त्या बाईने विचारलं, "हे करायला तुला कोणी सांगितलं?"

मी तो प्रश्न मेस्त्रीला मराठीत विचारला. माझ्याच तोंडाने विचारला, "मेस्त्रीनू, तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग वहीवाल्याकडे बघून म्हणाला, "कोणी सांगूक नाय. दगड पडलेलो दिसलो, हात ऱ्हवाक नाय."

आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. कोणी सांगितलं नाही. त्याचं त्यानेच केलं. ते वहीत उतरलं. खाली त्याने सही केली आणि दुभाषा म्हणून मीही केली.

मी भेकड आहे का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आहे. माझ्या नोकरीवर माझा व्हिसा, माझ्या व्हिसावर बायकोमुलीचा, आणि मुलीची दहावी तोंडावर. नोकरी गेली तर महिनाभरात सगळा संसार उचलावा लागला असता. हे सगळं त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यात आलं असं म्हणणंही खोटं होईल. डोक्यात काहीच आलं नाही. नुसती भीती वाटली आणि तोंडाने तिचं ऐकलं.

खाली उतरताना मी मेस्त्रीला काहीतरी म्हणायला गेलो. तो म्हणाला, "तुझा चेडू परीक्षेक बसला हा. तू गप ऱ्हव." एवढं बोलून तो पुढे चालू लागला.

चौकशी सुरू झाली. चौकशी संपेपर्यंत मेस्त्रीने देश सोडायचा नव्हता. त्याचं तिकीट रद्द झालं. ज्या शनिवारी तो गोव्याला उतरायचा, त्या शनिवारी तो कामगारांच्या कॅम्पच्या खोलीत खाटेवर बसून होता. कंपनीने कामावरून बसवून ठेवलं होतं. दगड न हाताळता एवढे दिवस तो कधी राहिला नसावा. त्याच्या हाताच्या भेगा भरून यायला लागल्या होत्या. मी गेलो की तो तळवे उलटे करून मांडीवर ठेवायचा.

मी खेटे घालत राहिलो. आमच्या ऑफिसात जायचो, तिथून खात्यात, तिथून परत ऑफिसात. कोणी वाईट बोललं नाही. चहा द्यायचे. "इन्शाल्ला, या आठवड्यात." फाइल त्या बाईच्या हातून वर गेली होती आणि वर कुठे होती ते तिलाही सांगता येत नव्हतं. गावी म्हातारी मात्र फाइलीसाठी थांबणार नव्हती. फोनवर आता रोज "खंयचो रे तू?" येऊ लागलं. मेस्त्री रोज तितक्याच शांतपणे आपलं नाव आणि गाव सांगायचा, वहीवाल्याला सांगितलं तसं.

एक दिवस त्याने माझ्यासमोर एक मोठा कागद पसरला. सिमेंटची पिशवी फाडून उलटी केली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने दगड काढले होते. "माका सगळे दगड आठवतत," तो म्हणाला. "हयसर मोठो, पालथो. ह्याच्या पोटात दोन बारके. जसे पडले होते तसे परत ठेवन देतंय. त्या बाईक सांग." एकसष्ट दगड होते. प्रत्येकाची वर कुठली बाजू होती, तीही त्याने रेघ मारून दाखवली होती.

माझ्यात पहिल्यांदाच जरा जीव आला. मी त्याला गाडीत घालून त्या बाईच्या ऑफिसात नेलं. तिने टेबलावर कागद पसरला आणि आदल्या वर्षी स्वतः घेतलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडले. ती एकेक दगड फोटोत बघायची आणि मग कागदावर. अर्धा तास हेच चाललं. जेवढे दगड फोटोत दिसत होते, तेवढे सगळे कागदावर बरोबर जागी होते. फोटोत न दिसणारे, खालचे, त्याच्या कागदावर जास्तीचे होते.

तिने मेस्त्रीकडे बघितलं तेव्हा तिच्या नजरेत आदर होता. पण मला म्हणाली, "त्याला सांग, आता ते दगड परत खाली ठेवले तर तेही त्याचंच बांधकाम होईल. खालची माती हलली आहे. ती कशी होती ते त्याच्या हातांनाही माहीत नाही."

मी सांगितलं. मेस्त्रीने थोडा विचार केला आणि मान हलवली. कारागिराला कारागिराचं म्हणणं पटतं. "बरोबर बोलता ती," म्हणाला. तिने तो पिशवीचा कागद मागून घेतला, फाइलला लावते म्हणाली, आणि या माणसाच्या मनात वाईट नव्हतं असं स्वतः लिहून देते म्हणाली. तिला जेवढं करता येत होतं तेवढं तिने केलं. त्यावेळी मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसलो होतो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तेही मी बोललो नाही.

मुलीचा शेवटचा पेपर झाला की सांगू, असं मी ठरवलं. शेवटचा पेपर झाला. मग म्हटलं, शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिसं उघडली की जाऊ. घरी बायकोला सगळं ठाऊक होतं. ती नुसतं माझं ताट वाढून समोर ठेवायची. मुलीने मात्र एकदा जेवताना विचारलं, "बाबा, ते मेस्त्री अंकल... का नाही जात घरी? त्यांची मदर सिक आहे ना?" तिचं मराठी असंच अडखळत चालतं. मी तिला म्हटलं, ऑफिसचं काम आहे, तुला नाही कळणार. तिला कळलं असतं, म्हणून तर सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी मेस्त्रीने नेहमीसारखा फोन लावला. पुतण्याने उचलला, पण फोन म्हातारीकडे नेला नाही. ती सकाळीच गेली होती. मी कॅम्पवर पोचलो तेव्हा मेस्त्री बाहेर नळाखाली आंघोळ करून ओल्या पंच्यावर बसला होता. शेजारच्या खोलीतला रत्नागिरीकडचा एक मुसलमान भाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मेस्त्री रडत नव्हता. "काल माका जेवलंस म्हणान इचारल्यान," एवढंच तो म्हणाला. "काल वळखल्यान."

रविवारी मी गेलो. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं. त्या बाईच्या टेबलासमोर उभं राहून, बसायचंही न सुचून, मी सांगून टाकलं. नीटनेटकं करायला मी सांगितलं होतं, आणि ते मी लपवलं. त्याची आई परवा गेली, हेही सांगितलं.

मग तिने ड्रॉवरमधून एक पत्र काढलं. मेस्त्रीवरचा ठपका काढून टाकल्याचं पत्र होतं ते. गुरुवारी दुपारी सही झालेलं. मधले दोन दिवस सुट्टीचे होते. ती म्हणाली, "तू हे लिहून दिलंस तर फाइल पुन्हा उघडेल. मग तो साक्षीदार होईल आणि त्याला पुन्हा थांबावं लागेल. लिहायचं आहे का तुला?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा. खरं बोलायला मला तीन आठवडे लागले, आणि बोलल्यावर कळलं की आता खरं बोलण्यानेही त्याचंच वाईट होणार. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग जा आणि त्याचं तिकीट काढ."

कागद फिरून तिकीट हाती येईपर्यंत आठवडा गेला आणि तो बाराव्याला पोचला. क्रिया पुतण्याने केली होती. विमानतळावर सोडताना मी त्याचे पाय धरायला वाकलो तर तो मागे सरला आणि म्हणाला, लोक बघतात. तो परत आला नाही. कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस आणला. तो सिमेंटशिवाय दगड ठेवत नाही. ती कबर अजून तशीच आहे, मेस्त्रीच्या हातची. पाडायलाही परवानगी नाही, कारण तीही आता संरक्षित आहे. खणण्याचं काम दुसऱ्या डोंगरावर गेलं असं ऐकलं.

त्या वर्षी डिसेंबरात मी गावी गेलो आणि तरीच्या होडीतून खाडी ओलांडून मेस्त्रीकडे गेलो. त्याचं घर वाडीच्या टोकाला आहे. सगळ्या वाडीचे गडगे पावसानंतर नीट रचलेले होते. त्याच्या घरासमोरचा गडगा मात्र तीन ठिकाणी फुटून वाटेवर आला होता. मला वाटलं, चुकीच्या घरी आलो.

तो पडवीत बसला होता. हात एकदम मऊ दिसत होते. त्याच्या बायकोने लाडू आणि पाणी आणून ठेवलं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मुलीचा निकाल त्याने स्वतःहून विचारला. मग मी एकदाचं म्हटलं, "मेस्त्रीनू, त्या दिवशी तुम्हाला मीच सांगितलं होतं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

त्याला खरोखरच नवल वाटलं. "खोटा खंय?" तो म्हणाला. "तू कचरो काडूक सांगलंस. ता माका कळला नाय काय? दगड मीयाच उचललंय."

म्हणजे माफ करण्यासारखं त्याच्या लेखी काही नव्हतंच. इतके महिने मी जे उराशी धरून बसलो होतो, ते ठेवायला त्याच्या घरातही जागा नव्हती. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

निघताना वाटेत त्याच्या गडग्याचा एक दगड आडवा पडला होता. मी वाकलो आणि उचलला. चढवायला हात वर केला तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला. "ऱ्हवांदे, झिला. पडलो हा थंयच ऱ्हवांदे."

मी दगड परत खाली ठेवला. होता तिथेच ठेवावा म्हणून गवतातली त्याची ओली जागा शोधली, तीही सापडली. पण उचलण्याआधी त्याची कुठली बाजू वर होती, ते मला आठवेना.